यॉट, धुकं आणि कळण्याची भाकरी

इंग्रजी कादंबऱ्या वाचून वाढलेल्या मराठी लेखकाच्या डोक्यात एक यॉट कायमची नांगर टाकून उभी असते. तिचं शीड पांढरं असतं आणि लेखकाची पँटही पांढरी असते. अशी पँट त्याच्याकडे नसते, पण यॉटही नसते, त्यामुळे हिशोब जुळतो. किनाऱ्यावर धुकं उतरलेलं असतं, लांब कुठेतरी भोंगा वाजतो आणि कठड्याला टेकलेले मित्र मोजक्या शब्दांत काहीतरी खोल बोलतात. या चित्रातला सर्वांत अशक्य भाग यॉट नसून मित्र आहेत. मोजक्या शब्दांत बोलणारा मराठी मित्र अजून कुठल्याही किनाऱ्यावर दिसलेला नाही.

सुरतेच्या उधना भागातल्या अशाच एका लेखकाला एप्रिल महिन्यात दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. हिमालय गेल्या वर्षी झाला होता, युरोप दरवर्षीच होतं, तेव्हा यंदा समुद्र हवा, असं संपादकांचं म्हणणं पडलं. लेखक मूळचा खानदेशी. समुद्राशी त्याच्या घराण्याचा संबंध तापीमार्फतच आलेला. ही नदी मुलताईला निघते, भुसावळवरून जाते आणि सुरतेला समुद्राला मिळते. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातली माणसंही साधारण त्याच वाटेने कापडगिरण्यांच्या दिशेने वाहत आली. आज उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत अहिराणी अशी बोलली जाते, की नव्या माणसाला आपण चुकून अमळनेरला उतरलो की काय असं वाटावं. एवढी माणसं नदीमागोमाग सुरतेपर्यंत आली, पण शेवटचे वीसेक किलोमीटर पुढे जाऊन समुद्र बघायची घाई कोणी केली नाही. इतिहासही त्यांच्याच बाजूचा आहे. मराठे सुरतेवर दोनदा चालून आले, १६६४ आणि १६७० साली, आणि दोन्ही वेळा घोड्यावरूनच.

लेखकाने ताबडतोब मित्र गोळा केले. लेखकाला समुद्रावर एकट्याने जाऊन भागत नाही, कारण समुद्राला संवाद नसतात. या बाबतीत आदर्श आहे जेरोम के. जेरोमचा. १८८८ साली लग्न झाल्यावर जेरोम मधुचंद्रासाठी बायकोबरोबर टेम्स नदीवर होडीतून हिंडला. परत येऊन लिहायला बसला तो नदीकाठच्या इतिहासाची गंभीर माहिती देणारं पुस्तक. पण लिहिता लिहिता इतिहास मागे पडला, बायको तर पूर्णच गळली आणि तिच्या जागी दोन मित्र व एक कुत्रा येऊन बसले. १८८९ साली ‘थ्री मेन इन अ बोट’ प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर आजतागायत ते छापलं जात आहे. मधुचंद्राचं खरं वर्णन लिहिलं असतं तर ते इतकं चाललं असतं का, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी करावा, सौ. जेरोम यांनी तो नक्कीच केला असणार.

मित्र तीन मिळाले. एक निवृत्त तलाठी, ज्यांना जमीन दिसल्याशिवाय चैन पडत नाही. एक कवी. आणि एक इंजिनिअर, जो हजीऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि इच्छापोरला राहतो. इच्छापोर सुरत-हजीरा रस्त्यावर आहे, म्हणून मोहिमेचा तळ तिथेच ठरला. शिवाय इंजिनिअरच्या घरी एसी होता आणि महिना मे होता.

यॉटचा प्रश्न पहिल्याच बैठकीत निकालात निघाला. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, पण त्याचा सभासद असलेला कोणीही या चौघांना ओळखत नव्हता, आणि असता तरी ओळख दाखवली नसती. शिडाच्या बोटीतून खरोखर समुद्रावर गेलेला मराठी माणूस म्हणून कमांडर दिलीप दोंदे यांचं नाव निघालं. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेल्या ‘म्हादेई’ या बोटीतून दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चार बंदरांत थांबले आणि पृथ्वीला वळसा घालून १९ मे २०१० रोजी परतले. अशी प्रदक्षिणा एकट्याने करणारे ते पहिले भारतीय. त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

“त्यांनी मित्र का नेले नाहीत?” तलाठ्यांनी विचारलं.

“म्हणूनच परत आले,” इंजिनिअर म्हणाला.

शेवटी यॉटच्या जागी फेरीबोट मंजूर झाली. हजीरा ते घोघा, म्हणजे खंभातच्या आखाताच्या या काठावरून सौराष्ट्राच्या त्या काठावर. या फेरीची कथाही वळणावळणाची आहे. २०१७ सालच्या ऑक्टोबरात घोघा-दहेज अशी सेवा मोठ्या थाटात सुरू झाली, पण दहेजच्या बाजूला गाळ इतका साठत गेला की बोटीला बुडायला सोडाच, तरंगायलाही पुरेसं पाणी राहीना. मग ८ नोव्हेंबर २०२० रोजी घोघ्याला हजीऱ्याचं स्थळ मिळालं. तेव्हा धावू लागलेल्या ‘व्हॉएज सिम्फनी’ या तीन मजली जहाजावर ३० मालट्रक, १०० मोटारी आणि ५०० प्रवासी मावतात असं जाहीर झालं होतं. रस्त्याने साधारण ३७० किलोमीटर आणि दहा-बारा तास, समुद्राने ९० किलोमीटर आणि चारेक तास. लेखकाला हे आकडे ऐकून वाईट वाटलं. जो प्रवास अंतर वाचवतो तो ललित लेखाच्या कामाचा नसतो.

“पण धुकं तरी असेल ना?” त्याने विचारलं.

इंजिनिअरने यावर जे उत्तर दिलं ते अर्धा तास चाललं. सारांश असा: समुद्रावरचं खानदानी धुकं पडायला ओलसर उबदार हवा थंड पाण्यावरून सरकावी लागते. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर उत्तरेकडून लॅब्राडोरचा गार प्रवाह येतो, दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीमची ऊब येते, आणि मग तिथे असं धुकं दाटतं की खलाशाला आपल्याच बोटीचं नाक दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोलाही ऐन उन्हाळ्यात धुकं पडतं, कारण तिथल्या किनाऱ्यालगतचं पाणी गार असतं. हजीऱ्याला मे महिन्यात समुद्राचं पाणी तीसेक अंशांवर असतं. त्यावरून सरकलेल्या हवेला थंड होण्याचं काहीच कारण उरत नाही. इथे धुकं पडतं ते हिवाळ्यातल्या पहाटे. उन्हाळ्यात जे दिसतं ती वाफ, धूळ आणि क्षितिजावरची भुरकट झाक.

“म्हणजे दिसत काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“मग झालं तर,” लेखक म्हणाला. कादंबरीतल्या धुक्याचं काम तरी दुसरं काय असतं? शिवाय मराठी प्रवासवर्णनाला धुकं शीर्षकात घेण्याची परंपरा आहेच. अनंत काणेकर रशियाला गेले ते ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’.

पहाटे इच्छापोरहून निघताना सामान मोजलं गेलं. कवीकडे एक वही. लेखकाकडे एक टोपी. तलाठ्यांकडे एक पिशवी, दुसरी पिशवी आणि तिसरी पिशवी. त्यांत कळण्याच्या भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, तिखट पुऱ्या आणि कांदे होते. चार तासांच्या प्रवासाला एवढं कशाला, असं विचारल्यावर “समुद्राचं काय सांगता येतं भो?” असं ते म्हणाले. आयुष्यभर सातबारे लिहिलेल्या माणसाला ज्या जागेचा गट नंबर नाही त्या जागेबद्दल संशय वाटणारच.

इच्छापोरपासून पुढचा रस्ता म्हणजे देशाच्या उद्योगखात्याची प्रदर्शनीच. कवासचं वीजकेंद्र, समुद्रातून येणारा वायू शुद्ध करणारा ओएनजीसीचा प्रकल्प, कृभकोचा खत कारखाना, पोलाद, पेट्रोकेमिकल्स. बंदराजवळ तर पोलादाच्या मळीपासून बनवलेला सहापदरी रस्ता आहे. २०२२ साली झालेला हा देशातला अशा प्रकारचा पहिला रस्ता. तलाठ्यांनी गाडी थांबवायला लावून त्यावर पाय आपटून पाहिला आणि समाधान व्यक्त केलं. कवीला मात्र दीपस्तंभ हवा होता. इंजिनिअरने त्याला कारखान्याच्या उंच नळकांड्यावरची ज्वाला दाखवली आणि रात्री ही फार लांबून दिसते असं सांगितलं. कवीने वही उघडली, मिटली.

आणि इथे, बोट सुटायला अवकाश असताना, लेखकाला त्याचा खरा पूर्वज भेटला.

हजीऱ्याच्या उत्तरेला सुवालीचा किनारा आहे. आता तिथे सुट्टीच्या दिवशी लोक काळ्या वाळूत मक्याची कणसं खातात. चारशे वर्षांपूर्वी इथे जगाची जहाजं थांबत. तापीच्या मुखात गाळ असल्याने मोठी जहाजं सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत, म्हणून वाळूच्या दांड्यामागच्या खोलगट पाण्यात ती आसरा घेत. इंग्रज त्याला ‘स्वाली होल’ म्हणत. १६१२ सालच्या नोव्हेंबरात थॉमस बेस्टने इथे पोर्तुगीजांशी झुंज दिली आणि ईस्ट इंडिया कंपनीचा सुरतेत पाय रोवला गेला. १६१५ साली सर थॉमस रो राजदूत म्हणून इथेच उतरला. पण या किनाऱ्याचा सर्वांत मनोरंजक पाहुणा ना सेनापती होता ना वकील. तो होता टॉम कोर्याट, धंद्याने प्रवासवर्णनकार आणि स्वभावाने हास्यास्पद. हे दुसरं मत त्याच्या मित्रांचं होतं.

सॉमरसेटमधल्या ऑडकोंब गावचा हा गृहस्थ १६०८ साली युरोपभर हिंडला, बराचसा पायी, आणि परतल्यावर आपले बूट गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले. १६११ साली त्याने ‘कोर्याट्स क्रुडिटीज’ नावाचा ठोकळा छापला. इटलीत लोक काट्याने जेवतात ही बातमी त्याने इंग्लंडला दिली आणि स्वतःही काट्याने जेवू लागला, त्यावरून मित्रांनी त्याला चिडवून सोडलं. हे मित्र म्हणजे लंडनच्या मर्मेड टॅव्हर्नमध्ये महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जमणारी टोळी. पुस्तकाला प्रस्तावनापर कविता लिहून द्या अशी विनंती त्याने केली, तेव्हा बेन जॉन्सन, जॉन डन यांच्यासह पन्नासहून अधिक जणांनी कविता दिल्या, आणि जवळजवळ सगळ्यांनी त्यात लेखकाची यथेच्छ टिंगल केली. कोर्याटने त्या सगळ्या छापल्या. आपल्याकडे प्रस्तावनाकाराने स्तुतीत थोडी काटकसर केली तरी मैत्री तुटते, हे लक्षात घेता कोर्याटच्या मनाचा मोठेपणा मान्य करावा लागेल.

१६१२ साली तो पुन्हा निघाला. कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम आणि मग इस्फहान, लाहोर, आग्रा करत १६१५ च्या जुलैत अजमेरला, जहांगीरच्या दरबारापाशी पोहोचला. आशियातला हा प्रवास बव्हंशी पायी होता आणि अलेप्पोपासून मोगल दरबारापर्यंत आपला खर्च अवघा तीन पौंड झाला, असं त्याने अभिमानाने घरी कळवलं. अजमेरला त्याने फारसी शिकून घेतली आणि बादशहाच्या झरोक्याखाली उभं राहून फारसीत एक भाषण ठोकलं. जहांगीरने वरून शंभर रुपये टाकले. राजदूत रो साहेब संतापले; इंग्रज माणसाने भीक मागितली, देशाची अब्रू गेली, असं त्यांचं म्हणणं. कोर्याटने त्यांनाही असं सुनावलं की ते गप्प झाले. राजदूताचा पाद्री एडवर्ड टेरी याने या प्राण्याची आठवण लिहून ठेवली आहे. राजदूताच्या घरी एक परटीण होती, जी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत भांडू शकत असे. कोर्याटने एके दिवशी सकाळी तिच्याशी तिच्याच हिंदुस्तानीत भांडण उकरून काढलं आणि आठ वाजेपर्यंत तिला निरुत्तर केलं. परदेशी विद्वानांना भारतीय भाषांत आजवर मिळालेलं यश पाहता हा पराक्रम अजून अबाधित असावा.

१६१७ च्या अखेरीस तो सुरतेला आला तेव्हा पोटाच्या विकाराने पोखरलेला होता. सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांकडे विलायतेहून ‘सॅक’ नावाचं मद्य आलं होतं. नाव ऐकताच कोर्याटने मोठ्या उत्साहाने ते मागून घेतलं. प्यायला थोडंच, पण विकार बळावला आणि डिसेंबरात तो गेला. हजारो मैल पायी चालून जे झालं नाही ते मायदेशीच्या एका पेल्याने केलं. गुजरातने पुढे दारूबंदी स्वीकारली त्यामागे अर्थातच गांधीजी होते, कोर्याट नव्हे. तरी पुराव्यादाखल त्याचं नाव जोडायला हरकत नव्हती. सुवालीच्या बाजूला एक जुनी घुमटी त्याची कबर म्हणून दाखवली जाते. ती खरोखर त्याचीच का, याबद्दल जाणकारांना शंका आहे. जन्मभर मित्रांनी ज्याला गंभीरपणे घेतलं नाही त्याच्या थडग्यालाही कोणी नीट मनावर घेऊ नये, यात एक सुसंगती आहे.

बोट सुटली. यॉटवरचा शुकशुकाट मनात धरून आलेल्या लेखकाला पहिला धक्का बसला तो गर्दीचा. सुरतेच्या वराछा भागात हिरे घासणारे लाखो हात सौराष्ट्रातले आहेत, आणि त्यांच्यासाठी ही बोट म्हणजे गावाकडची एसटी. उन्हाळी सुट्टी, लग्नसराई, सोबत मुलं, सुटकेसेस, एक नवा कूलर. आखातात शिरून पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच डब्यांची झाकणं उघडली आणि थेपले, गांठिया, छुंदा यांचा वास डेकभर पसरला. तलाठ्यांनी एकदा सगळीकडे नजर टाकली आणि विजयी मुद्रेने पहिली पिशवी उघडली. पुढच्या तासाभरात भरीत आणि छुंदा यांचा जो विनिमय झाला, त्यात कुठल्याही राज्यपुनर्रचना आयोगाला सीमावाद सोडवता आला असता.

समुद्र दिसत होता, पण निळा नव्हता. तापी, नर्मदा, मही, साबरमती या सगळ्या नद्या आपापल्या खोऱ्यातली माती याच आखातात आणून टाकतात, त्यामुळे पाणी दुधाळ चहाच्या रंगाचं. वर भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी. भावनगरकडे पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, म्हणजे तीन मजली घर दिवसातून दोनदा बुडून दोनदा वर यावं. याच भरतीच्या जिवावर घोघ्याच्या दक्षिणेला अलंगचा जहाजं मोडण्याचा धंदा १९८३ पासून चालला आहे. निवृत्त जहाज मोठ्या भरतीला वेगाने किनाऱ्यावर चढवायचं आणि पाणी ओसरलं की गॅसकटर घेऊन तुटून पडायचं. जगभर मिरवलेल्या किती आलिशान क्रूझबोटींचा शेवटचा प्रवास या चहाच्या रंगाच्या पाण्यातून झाला आहे, हे इंजिनिअरने सांगितलं तेव्हा तलाठ्यांनी आपल्या बोटीचं वय विचारलं.

इथलं पाणी परक्यांना पूर्वीपासून नको नको करत आलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोण्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्री मार्गदर्शिका लिहिली. भडोचला जाणाऱ्या या आखाताबद्दल तो घाबरून लिहितो, की ओहोटीला तळ अचानक उघडा पडतो, भरती सैन्यासारखी गर्जत येते, नवख्याची जहाजं कलंडतात. म्हणून तिथल्या राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या नावा घेऊन थेट सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणत. म्हणजे याही वाटेवर सौराष्ट्र आणि पलीकडचा काठ यांच्यात फेरीसेवा होती, फक्त तिकीट रोमकांकडून घेतलं जाई.

कवीला बोट लागली. बोट तशी शांत चालली होती आणि कोणत्याही काठियावाडी आजीला काही झालेलं नव्हतं, पण कवी कठड्याशी जाऊन उभा राहिला आणि क्षितिजाकडे पाहत राहिला. क्षितिज नव्हतंच. पाणी आणि आकाश एकाच भुरकट रंगात मिसळले होते आणि दोन्ही काठ गायब होते. त्याचा चेहरा पाहून आता कविता होणार असं लेखकाला वाटलं. इंजिनिअरला वेगळं वाटलं आणि त्याने पुढे होऊन कवीच्या हातातली वही काढून घेतली. इंजिनिअरचा अंदाज बरोबर ठरला.

लेखकाच्या लक्षात एव्हाना धंद्याची एक गोष्ट आली होती. समुद्रप्रवासावरच्या पुस्तकांत समुद्र फार थोडा असतो. हेन्री फील्डिंग १७५४ साली प्रकृतीसाठी लिस्बनला निघाला. वारा नाही म्हणून जहाज इंग्लंडच्याच किनाऱ्यावर आठवडेच्या आठवडे रखडलं, आणि त्याच्या पुस्तकाचा मोठा भाग कप्तानाचा तिरसटपणा आणि किनाऱ्यावरच्या घरमालकिणीने लावलेलं अवाच्या सवा बिल यांवर खर्च झाला. तोच भाग वाचनीय आहे. बाहेर काही दिसत नसेल तरच लेखक बोटीच्या आत बघतो. या दृष्टीने खंभातचं आखात मे महिन्यात कुठल्याही ग्रँड बँक्सइतकंच सोयीचं आहे.

घोघा आलं. हे एके काळी मोठं बंदर होतं; ‘लंकानी लाडी ने घोघानो वर’ ही गुजराती म्हण आजही लग्नाघरी ऐकू येते, म्हणजे इथल्या नवरदेवांना थेट लंकेच्या वधू सांगून येत. तलाठ्यांनी जमिनीवर पाय ठेवताच आसपासच्या बिनशेती प्लॉटचे भाव विचारले. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. सुरतेकडे त्यांना लेवटा म्हणतात आणि हौशी माणसं त्यांचं कालवण करतात. कवीसमोर हा विषय कोणी काढला नाही.

परतीच्या बोटीवर खर्चाचा हिशोब झाला. इच्छापोर ते हजीरा गाडी, जाण्यायेण्याची तिकिटं, थंड पाण्याच्या बाटल्या, कवीचे तीन लिंबूसोडे. लिंबूसोडे सामाईक धरायचे की वैयक्तिक, यावर मतभेद होऊन तलाठ्यांनी ते औषधोपचाराच्या सदरात टाकले. बेरीज लेखकाला दाखवण्यात आली. अलेप्पो ते अजमेर तीन पौंडांत जाणाऱ्या माणसाची गोष्ट त्याने सकाळीच सांगितली असल्यामुळे त्याला काही बोलता येईना. दिवाळी अंकाचं मानधन या रकमेला पुरणार नाही, हे उघड होतं.

“मग संपादकांपुढे फारसीत भाषण करा,” कवी म्हणाला. सकाळपासून त्याने उच्चारलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. “जहांगीरने शंभर रुपये दिले होते.”

तलाठ्यांनी चष्मा पुसला. “तेव्हाचे शंभर,” ते म्हणाले. “हे संपादक आत्ताचे तरी देतात का, ते आधी विचारून घ्या. फारसी नंतर शिका.”